गोठ्यातली खबर आणि तिची किंमत

गोठ्यात बुळकांडी शिरली की मालकापुढे दोनच वाटा असत. आजार उघड करायचा, म्हणजे उरलेली गुरेही हातची जाण्याची भीती. नाहीतर तो लपवायचा आणि जनावर मरण्याआधी बाजारात उभे करायचे. दुसरी वाट सोयीची होती आणि रोग तिच्यावरूनच गावोगाव जाई. गुरांच्या सरकारी नुकसानभरपाईचा इंग्लंडमधला इतिहास दयेपेक्षा ही वाट बंद करण्याच्या खटपटीचा अधिक आहे.

१७१४ साली लंडनजवळच्या इस्लिंग्टनमधील गवळ्यांच्या गोठ्यांत ही साथ आली. राजघराण्याचा शल्यवैद्य टॉमस बेट्स याने सुचवले, की आजारी गाई सरकारने विकत घेऊन जाळाव्यात आणि मालकाला गाईमागे ४० शिलिंग द्यावेत. पैसे मिळणार म्हटल्यावर गवळी खबर देईल, असा साधा हिशेब होता. काही महिन्यांत साथ ओसरली.

दीडशे वर्षांनी, जून १८६५ मध्ये, त्याच इस्लिंग्टनच्या गुरांच्या बाजारात बुळकांडी पुन्हा प्रकटली आणि देशभर पसरली. सरकारी निरीक्षकांना गुरे मारण्याचा अधिकार मिळाला, पण मोबदल्याची सोय नव्हती. साहजिकच मालक आजार लपवू लागले. फेब्रुवारी १८६६ च्या कायद्याने आजारी जनावराची कत्तल सक्तीची केली आणि दर ठरवले : आजारी जनावराला निम्मी किंमत, फार तर २० पौंड, त्याच्या सहवासातले निरोगी जनावर मारल्यास पाऊण किंमत, फार तर २५ पौंड. जनावर निरोगी असतानाच सोडून देणाऱ्याला अधिक मोबदला, ही यातली मेख.

पार्लमेंटात जॉन स्टुअर्ट मिलने या विधेयकावर टीका केली. गुरे घटली की मांस महागणार आणि त्याचा लाभ गुरांच्या मालकांनाच होणार. मग लोकांनी एकदा बाजारात आणि पुन्हा करातून पैसे का मोजावेत? कायदा तरीही झाला आणि वर्षअखेर साथ जवळजवळ संपली.

भारतात कत्तलीचा हा मार्ग लोकांच्या पचनी पडणारा नव्हता. १८८९ साली पुण्यात जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली, १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला गेली आणि पुढे आपली भिस्त लसीवर राहिली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले, त्यात या लसीकरणाचा मोठा वाटा आहे.

मात्र भरपाईचा प्रश्न बुळकांडीबरोबर गेला नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातली गुरे दगावू लागली, तेव्हा राज्य सरकारने दुधाळ जनावरामागे ३०,००० रुपये, ओढकामाच्या जनावरामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये जाहीर केले. लसीकरणही मोफत झाले. पण ही रक्कम मरणानंतरची, पंचनाम्यानंतरची. जी गाय वाचली पण आटली, जो बैल उठला पण जुवाखाली चालेना, त्याच्या मालकाच्या हाती या दरपत्रकातून काही येत नाही. जनावर जिवंत असताना आलेली खबर गावाला वाचवते, हे बेट्सने ४० शिलिंगांत ओळखले होते. आपले दरपत्रक त्या खबरीला अजून किंमत देत नाही.