पूर्वतयारी शिक्षणक्रम
बारावी न झालेल्या प्रौढांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्था. १९८९) राबवलेला प्रवेशपूर्व शिक्षणक्रम. अट वयाची, १८ वर्षे पूर्ण. शाळेच्या दाखल्याची नव्हे. उत्तीर्णांना याच विद्यापीठाच्या बी. ए., बी. कॉम.ला प्रवेश मिळे. मात्र हा शिक्षणक्रम बारावीशी समकक्ष नव्हता. ही मेख काहींना नोकरीचा अर्ज भरतानाच कळे. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये आलेल्या मांजरी बुद्रुकसारख्या, शेतीतून शहरात सरकणाऱ्या भागात शिक्षण अर्धवट सुटलेल्या दहावी उत्तीर्णांना राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी करणे अधिक भरवशाचे. ही नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी होते. त्यामुळे गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पावसाळ्यातच शोधून ठेवलेला बरा.