विद्येची जमीन, देवाची जमीन : कुळकायद्याच्या कलम ८८-ब वरील भाष्य

शाळा, महाविद्यालय किंवा देवस्थान यांच्या शेतजमिनीचा जुना खंडपट्टा वाचायला बसलास की पट्टा बाजूला ठेव आणि आधी हे कलम वाच. मुंबई (आता महाराष्ट्र) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ यातले हे कलम. पट्ट्यातल्या कोणत्या अटीला कायदा किती किंमत देतो, हे इथे ठरते. मूळ इंग्रजी आहे. प्रत्येक भागाचा आशय आधी देतो, मग अर्थ.

पोटकलम (१), आरंभ : कलमे ३, ४-ब, ८ ते ११, १३ व २७ आणि त्यांच्यापुरती प्रकरणे ६ व ८ सोडून, आधीच्या तरतुदी पुढील जमिनींना लागू नाहीत.

लागू नाही ते काय? मुख्यतः कलम ३२ आणि त्यामागची साखळी. त्या कलमाने १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषक दिनी, कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असे मानले गेले. सूट असलेल्या जमिनीत हे घडत नाही. म्हणजे कूळ मालक होत नाही.

पण ‘सोडून’ या शब्दावर थांब. ४-ब टिकले आहे. त्याचा अर्थ, पट्ट्याची मुदत संपली एवढ्याच कारणाने कुळवहिवाट संपत नाही. ८ व ९ टिकले आहेत. म्हणजे खंडाला कमाल मर्यादा आहे : आकाराच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांतले जे कमी. २७ टिकले आहे. म्हणजे कुळाने पोटकूळ ठेवू नये. कलम ३ मुळे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे पाचवे प्रकरण या कायद्याशी विसंगत नसेल तेवढे चालते.

‘जमिनीला सूट आहे, तेव्हा कुळकायदाच नाही’ असे गावोगाव बोलले जाते. हे वाचन चूक आहे. सूट मालकी मिळण्यापासून आहे, कुळाच्या सगळ्या संरक्षणापासून नव्हे.

खंड (अ) : स्थानिक प्राधिकरणाने किंवा कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाने धारण केलेल्या अथवा पट्ट्याने घेतलेल्या जमिनी.

‘कायद्याने स्थापन झालेले’ म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारखे, १९६२ चे. संलग्न महाविद्यालय विद्यापीठ नव्हे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासूनचे, पण ते चालवते डेक्कन एज्युकेशन सोसायटी. अशा संस्थेने आपली जमीन (ब) मध्ये शोधावी. आणि तिथे ‘पट्ट्याने घेतलेल्या’ हे शब्द नाहीत, हे ध्यानात ठेव.

खंड (ब) : शैक्षणिक प्रयोजनाचा न्यास, रुग्णालय, पांजरपोळ, गोशाळा किंवा सार्वजनिक पूजास्थान यांच्या मालमत्तेच्या जमिनी.

सगळे वजन ‘मालमत्ता’ या शब्दावर आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगावकराला हे लवकर कळावे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी इथले गणपतीचे देऊळ उभारले, आणि या भागात देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग ३ च्या जमिनी, सर्वत्र आहेत. पण इनाम दोन तऱ्हांचे. एकात जमीनच दिलेली असते. दुसऱ्यात जमीन रयतेचीच राहते, देवाला फक्त तिचा सारा लावून दिलेला असतो. पहिल्यात जमीन देवस्थानची मालमत्ता. दुसऱ्यात मालमत्ता साऱ्याचा हक्क एवढीच. तिथे जमिनीला (ब) लागू कसा पडेल?

म्हणून सातबारावर देवाचे नाव दिसले की निकाल लागला असे समजू नकोस. गाव नमुना ३ पाहा, मग सनद पाहा. सनदेत जमीन ‘झाडझाडोऱ्यासह, पाषाण-निधि-निक्षेपासह’ दिली असेल तर माझ्या मते जमीनच दिली. केवळ महसुलाची माफी असेल तर नाही. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचे नाव कोणत्या फेरफाराने आले तोही उतारा काढ. पुष्कळदा भांडणाचे मूळ त्या चार ओळींत असते.

(खंड (क) गुरांच्या पाण्याचे हौद भरणे अशा लोकोपयोगी सेवांसाठी १ ऑगस्ट १९५६ पूर्वी दिलेल्या जमिनींचा आहे. तो इथे सोडतो.)

परंतुक : (एक) न्यास सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला किंवा नोंदलेला मानलेला असावा, (दोन) जमिनीचे संपूर्ण उत्पन्न न्यासाच्या प्रयोजनासाठी लावले जावे.

‘नोंदलेला मानलेला’ म्हणजे आधीच्या कायद्यांखाली नोंदलेले जुने न्यास.

दुसरी अट कलमाचा प्राण आहे. ‘संपूर्ण’ म्हटले आहे, ‘बहुतांश’ नाही. विश्वस्ताने खंडातला काही भाग मान म्हणून घरी नेला तर अट मोडली. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयाला १२६४ साली संस्थापकाने मॉल्डन व फार्ली येथील जमिनी विद्यार्थ्यांच्या निर्वाहासाठी लावून दिल्या; तिथेही मुद्दा हाच होता, उत्पन्न कुणाच्या पोटाला जाते. सूट मालकाच्या नावाला नाही, पैशाच्या वाटेला आहे. म्हणून खंडाची पावती, किर्द आणि खतावणी ही तिन्ही जुळली पाहिजेत. तासगावच्या एकरभर द्राक्षबागेतून कुळाला लाखाचे उत्पन्न निघो. न्यासाचे उत्पन्न म्हणजे त्याला मिळालेला खंड, बागेचा माल नव्हे. तो खंड थोडका असला तरी हिशेब पैशापर्यंत लागावा.

पोटकलम (२) : या अटी पुऱ्या होतात असे कलेक्टरने चौकशीअंती दिलेले प्रमाणपत्र त्याबाबत निर्णायक पुरावा मानावे.

‘त्याबाबत’ म्हणजे कशाबाबत? परंतुकातल्या अटींबाबत. नोंदणी आणि उत्पन्न, एवढेच. जमीन न्यासाची मालमत्ता आहे की नाही ही अट परंतुकात नाही, खंड (ब) मध्ये आहे. याचा अर्थ, तो प्रश्न प्रमाणपत्राने मिटत नाही.

तारखेबद्दल दोन वाचने संभवतात. एक : प्रमाणपत्र मिळाले त्या दिवसापासून सूट. दुसरे : अटी पुऱ्या होत होत्या तेव्हापासून सूट, प्रमाणपत्र उशिरा का मिळेना. मला दुसरे शब्दांना धरून वाटते. पुरावा वस्तुस्थिती दाखवतो, घडवत नाही. पण मग उशिरा मागितलेल्या प्रमाणपत्राने कुळाच्या पायाखालची जमीन जाऊ शकते. म्हणून चौकशीत १९५७ च्या कृषक दिनाच्या सुमाराचे हिशेब मागितले गेले का, हे तपासावे. आजचे चोख हिशेब त्या दिवसाबद्दल काही सांगत नाहीत.

प्रमाणपत्र जुने असेल तर त्यावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असेल. १९४९ ते १९६० हेच सांगलीचे नाव होते. जमिनीला सर्व्हे नंबर असेल, आणि आजच्या सातबारावर गट नंबर. दोन्ही एकच जमीन आहेत हे एकत्रीकरणाच्या ९(३)-९(४) उताऱ्यावरून जुळवून घे, आणि मगच खंडपट्टा उघड.