अर्धवट गेम, आगाऊ पैसे

मराठी वाचकाला ‘प्रकाशनपूर्व सवलत’ नवी नाही. पुस्तक छापून होण्याआधी पैसे भरायचे, थोडे कमी भरायचे आणि वाट बघायची. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट बुक करणाऱ्यालाही हा व्यवहार कळतो, फक्त तिथे रक्कम मोठी आणि झोप कमी. व्हिडिओ गेमच्या जगातही हाच व्यवहार रुळला, पण एका फरकाने. इथे अर्धवट वस्तूच तुमच्या हातात देतात. भिंती उभ्या राहण्याआधी तुम्ही राहायला जाता.

यात धोका कोणाचा? या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीस वर्षांत कसं बदलत गेलं, तो हा इतिहास आहे.

डिसेंबर १९९३मध्ये ‘डूम’ आला तो ‘शेअरवेअर’ म्हणून. पहिला भाग फुकट, कॉपी करून मित्रांना वाटायलाही मोकळीक. आवडला तर पुढचे भाग विकत घ्या. पण फुकट दिलेला तो भाग पुरा झालेला होता. खर्च आणि धोका बनवणाऱ्यांनी आधीच अंगावर घेतलेला होता.

हे गणित उलटवलं ते ‘माइनक्राफ्ट’ने. मे २००९मध्ये मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने त्याची अगदी कच्ची आवृत्ती लोकांसमोर ठेवली. ठोकळे रचायचे आणि फोडायचे, एवढंच. महिन्याभरात तो ती साधारण दहा युरोंना विकू लागला. अट साधी होती: गेम जसजसा पुरा होईल तशी किंमत वाढेल, पण आत्ता घेणाऱ्याला पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतील. पेर्सन तेव्हा दुसरीकडे नोकरी करत होता. विक्री वाढली तशी २०१०मध्ये त्याने ती सोडली. जानेवारी २०११मध्ये दहा लाख प्रती विकल्या गेल्या होत्या, आणि गेम अधिकृतपणे पूर्ण झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये.

आपण कोड लिहिणारी माणसं टेस्टिंगसाठी पगारी लोक ठेवतो. इथे हजारो लोक स्वतः पैसे मोजून बग शोधून देत होते, आणि आनंदात होते. कारण दहा युरोंत त्यांना त्या दिवशी खेळता येईल असं काहीतरी मिळालं होतं. पुढे काही नवीन आलं नसतं तरी ते फसले नसते.

दुसरी वाट अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांची. टार्न गणितात पीएचडी. विद्यापीठातलं काम सोडून त्याने २००६मध्ये ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ फुकट उपलब्ध केला. घर चालायचं देणग्यांवर. पैसे पाठवणाऱ्याला हे भाऊ खडूने काढलेलं चित्र किंवा छोटीशी गोष्ट पाठवायचे. असं बरीच वर्षं चाललं. मग झॅकला त्वचेचा कर्करोग झाला. त्या वेळी विम्यामुळे निभावलं, पण पुढचं आजारपण देणग्यांवर निघणार नाही हे दोघांना कळून चुकलं. डिसेंबर २०२२मध्ये गेमची चित्रांनी सजवलेली आवृत्ती ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विकायला आली आणि महिन्याभरात जवळपास पाच लाख प्रती गेल्या. गेम आजही पुरा झालेला नाही. त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही, कारण तारखेचं वचनच कोणी दिलं नव्हतं.

वचन मोठं झालं की गाडी घसरते. फेब्रुवारी २०१२मध्ये ‘डबल फाइन’ या स्टुडिओने ‘किकस्टार्टर’वर चार लाख डॉलर मागितले. हातात दाखवायला गेम नव्हता, फक्त नाव आणि पूर्वपुण्याई. जमले तेहतीस लाखांहून अधिक. पैसे वाढले तसा गेमचा पसाराही वाढला, इतका की ‘ब्रोकन एज’ दोन तुकड्यांत काढावा लागला. पहिला २०१४च्या जानेवारीत, दुसरा २०१५च्या एप्रिलमध्ये.

दरम्यान मार्च २०१३मध्ये ‘स्टीम’ने ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ सुरू केलं. माइनक्राफ्टचा जुगाड आता दुकानातला एक कप्पा झाला. त्याच ‘डबल फाइन’चा ‘स्पेसबेस डीएफ-९’ तिथे विकायला ठेवला होता. विक्रीतून खर्च निघेना. २०१४मध्ये ठरवलेली बरीच कामं बाकी असतानाच त्यावर ‘१.०’चा शिक्का मारून विषय संपवला. गिऱ्हाईक चिडलं. बाजारात तुरी असताना घरात वरणावरून भांडण, तशातली गत. आज ‘अर्ली अ‍ॅक्सेस’च्या पानावर स्टीमच बजावतं की गेम आहे त्या स्थितीत खेळावासा वाटत नसेल तर थांबा.

आता पुण्यात या. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०१७मध्ये ‘राजी’साठी किकस्टार्टरवर हाक दिली. खेळून बघता येईल असा डेमो होता, वचनही अवाच्या सवा नव्हतं. तरी ठरलेली रक्कम जमली नाही, आणि किकस्टार्टरवर रक्कम पुरी झाली नाही तर हातात काहीच पडत नाही. धोका गिऱ्हाइकाने घेतला नाही म्हणून तो नाहीसा झाला नाही, घरी परत आला. संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकला आणि काम चालू राहिलं. पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२०मध्ये ‘राजी’ पूर्ण होऊन बाहेर पडला.

त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं. पुरस्कार गेला ‘फॅस्मोफोबिया’ला. तो तेव्हा ‘अर्ली अ‍ॅक्सेस’मध्येच होता. एका बाजूला राहतं घर विकून पुरा केलेला गेम, दुसऱ्या बाजूला अजून पुरा व्हायचा असलेला.

यात कोणाचीच लबाडी नव्हती. अर्धवट गेम विकत घेणारी गर्दी ज्याला वेळेवर सापडते त्याचा धोका हजारो खिशांत वाटला जातो, प्रत्येकी दहा-वीस डॉलर. ज्याला ती सापडत नाही त्याचा सगळा धोका एकाच सातबाऱ्यावर चढतो. स्टीमवरचं ते ‘अर्ली अ‍ॅक्सेस’चं बटण दाबताना आपण नक्की काय विकत घेतो, ते यावरून कळावं.