शाळेची मान्यता : हक्क आणि उत्तरदायित्व

अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील गाव. अशा गावी न्यासाने शाळा काढावयाची म्हटल्यास केवळ दानशूरता पुरत नाही. शासनाची मान्यता आवश्यक असते.

खाजगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्ती महाराष्ट्राने १९७७ च्या अधिनियमाने निश्चित केल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. पेयजल, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, क्रीडांगण आणि प्राथमिक वर्गांत ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे निकष त्याने घातले. विनामान्यता शाळेस एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरला.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा हक्क देतो. बाळ पाटील यांच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जैनांबाबत केंद्रास आदेश देण्याचे नाकारले. तथापि २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्राने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘प्रमती’ निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, पर्यायाने वंचित बालकांच्या २५ टक्के जागांच्या बंधनातून वगळले. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाविषयी शंका नोंदवून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले.

व्यवस्थापनाच्या हक्कात गैरव्यवस्थापनाचा हक्क येत नाही, हे न्यायालयाने १९५८ सालीच सांगितले होते. चतुर्विध दानांत ज्ञानदानाचे स्थान मोठे आहे. कायद्याने सूट दिली तरी ऊसतोड मजुराच्या मुलासाठी स्वेच्छेने राखलेली जागा, हीच त्या दानाची खरी मान्यता होय.