राखणीची ठासणी

शस्त्र परवाना शाखेच्या टेबलावर मी चंद्रपुरात बरीच वर्षं बसलो. व्यापारी, कंत्राटदार पिस्तुलासाठी येत. माझं लक्ष मात्र भरमारवाल्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीवाल्या, शेतकऱ्यांकडे असे.

या मुलखाला बंदूक सरकारनं शिकवली नाही. 1858 मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके गोंड-माडिया माणसं घेऊन इंग्रजांशी लढले. 21 ऑक्टोबरला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात त्यांना फाशी झाली. सत्तावनच्या उठावानंतर देशभर हत्यारं काढून घेण्याचे कायदे झाले. 1878 च्या कायद्यानं परवाना पक्का केला. गोऱ्यांना सूट, आपल्याला अर्ज. परवान्याच्या मुळाशी हा अविश्वास आहे, आणि माझ्या मते तो पुरता कधी गेलाच नाही.

तरी 1959 च्या कायद्यात एक दिलदार कलम होतं. पिकाच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यायचा. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून कोणाला नाकारायचं नाही, हेही कायद्यात लिहिलेलं. डोकं ठिकाणावर हवं, आणि 1983 च्या दुरुस्तीपासून वय एकवीस व पोलिसांचा अहवालही हवा. बंदूक चालवता येते का, हे कायदा विचारत नव्हता.

सिंदेवाहीकडच्या एका बाबाजींना मीच ते विचारलं. त्यांनी माझी फूटपट्टी उचलली आणि तिचाच गज केला. नळीत मापानं दारू, वर काथ्याचा बोळा, गजानं ठोकायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा. बार पेटवणारी टोपी सगळ्यात शेवटी. “आधी टोपी लावन त्याचा हात जाते, जी,” ते म्हणाले. नळीचं तोंड सदा आभाळाकडे, पोरं मागे. आवाज मोठा, मार बेताचा. धान निसवतो त्या दिवसांत दारूच ओल धरते, म्हणून ती कोरडी ठेवणं हीच निम्मी विद्या.

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि राखण व शिकार यांच्यामधली रेघ आमच्या फायलींत उतरली. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकानं आपल्या नावाची नोंद करायची. पुढच्या दुरुस्तीनं तिथं नवा परवानाही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नाही. 1986 मध्ये अंधारी आणि चपराळा ही अभयारण्यं झाली. नकाशावर दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, किती गावं आत येतात! पीक खाणारं रानडुक्कर तर तिथंच जास्त. गडचिरोलीत नक्षल्यांच्या हातीही भरमारच दिसू लागली, तेव्हा बिनपरवान्याची बंदूक बाळगणारा साधा शेतकरीही संशयात आला. पुढे पोलिसांच्या आवाहनावरून गावकऱ्यांनी अशा कितीतरी बंदुका ठाण्यात आणून दिल्या.

प्रशिक्षणाचा आग्रह आला तो 2016 च्या शस्त्र नियमांत. सुरक्षित हाताळणी, नेण्याची रीत, नेम, साठवण, असा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात. नियम चांगला. पण बाबाजींनी फूटपट्टीवर शिकवलं त्यातलं बरंचसं त्यात आहे, याची मला गंमत वाटते.

आता राखणीसाठी बंदुकीपेक्षा सौर कुंपणाचीच मागणी जास्त. जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. ज्यांना तेही मिळत नाही, त्यांच्यातला एखादा रात्री बांधावर खांबावरचा जिवंत करंट तारेत सोडतो. तो गुन्हा आहे हे त्याला ठाऊक असतं. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेवर वाघही मेलेत आणि पहाटे पाणी धरायला निघालेली माणसंही.