सरस, पण कोणापेक्षा?

दक्षिण गुजरातेतल्या कामरेज चार रस्त्यावर उसाच्या रसाचा पेला हातात देत गाडीवाल्याने विचारलं, ‘सरस छे ने?’ फेस अजून खाली बसला नव्हता, आल्या-लिंबाचा वास येत होता. माझं मराठी मन मात्र अडलं : सरस, पण कोणापेक्षा?

गुजराती आणि मराठी ‘सरस’चं मूळ एकच, संस्कृत ‘स + रस’, म्हणजे रसासह असलेलं, रसाळ. गुजरातीत त्याचं सरळ ‘छान’ झालं. जेवण सरस, अक्षर सरस, माणूसही सरस. मराठीत मात्र हा शब्द तुलनेला जुंपला गेला. आपण ‘एकापेक्षा एक सरस’ म्हणतो, नुसतं ‘भाजी सरस झाली’ सहसा म्हणत नाही. (सुतार लाकूड चिकटवायला वापरतो तो सरस वेगळा, तो फारसीतून आला.)

स्पॅनिशमधल्या ‘रिको’ची वाट मराठी ‘सरस’च्या नेमकी उलटी. त्याचा मूळ अर्थ बलवान, मग श्रीमंत. मुळाशी आपल्या ‘राजन्’शी त्याचं नातं. आज स्पॅनिश घरांत पहिला घास घेताच ‘के रिको!’ म्हणतात, म्हणजे ‘काय चविष्ट!’ तिथे सत्तेचा शब्द जिभेवर उतरला, मराठीत जिभेचा शब्द श्रेष्ठत्वाला चढला. मला गुजराती वापर अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात रस अजून ओला आहे.

दक्षिण गुजरातच्या या उसाच्या पट्ट्यात नंदुरबार-धुळ्याकडचे मजूर दरवर्षी तोडणीला येतात. त्यांच्या कानावर हे गुजराती ‘सरस’ रोज पडतं. तुम्हीही इकडे आलात आणि कोणी ‘सरस छे ने?’ असं विचारलं, तर तुलना शोधू नका. ‘हो, सरस’ एवढंच म्हणा.