नवव्या मजल्याला निरोप गेलाच नाही

न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एक दहा मजली इमारत आजही उभी आहे. तेव्हाची ॲश बिल्डिंग, आता न्यूयॉर्क विद्यापीठाची ब्राउन बिल्डिंग. ती ‘फायरप्रूफ’ आहे असं सांगितलं जायचं आणि ते खोटं नव्हतं. २५ मार्च १९११ च्या आगीत इमारत टिकली. माणसं मात्र १४६ गेली.

वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा ब्लाउज शिवायचा कारखाना होता. कामगार बहुतेक स्थलांतरित ज्यू आणि इटालियन मुली, कित्येक तर विशीच्याही आतल्या. शनिवार, काम सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीने पेट घेतला. तिथून दहाव्या मजल्यावरच्या ऑफिसला फोन गेला. तिथले जवळपास सगळे, मालकांसकट, गच्चीवर जाऊन शेजारच्या इमारतीतून सुटले. मधल्या नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. त्यांना आग दिसली तेव्हाच कळली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्व्हर पडला तर कुणाला किती सेकंदांत अलर्ट जावा, यावर आमच्याकडे तासभर मीटिंग चालते. त्यामुळे या आगीतला हा न गेलेला निरोप मला सगळ्यात जास्त छळतो.

नवव्या मजल्यावर दोन जिने होते. एकाची वाट ज्वाळांनी अडवली. दुसऱ्याच्या दाराला कुलूप! मुलींनी माल चोरून नेऊ नये म्हणून सुटताना एकाच दाराने सोडायचं आणि पर्स तपासायची, अशी पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. जोसेफ झिटो आणि गॅस्पार मॉर्टिलारो या लिफ्टमननी पुन्हा पुन्हा वर जाऊन अनेकींना खाली आणलं, लिफ्ट चालेनाशा होईपर्यंत. (आज आगीत लिफ्ट वापरू नका म्हणतात, ते बरोबरच आहे. वीज गेली की माणूस त्या पेटीत अडकतो.) उरलेल्यांपैकी अनेकींनी खिडकीतून उड्या टाकल्या.

खटल्यात मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस निर्दोष सुटले. त्या वेळी दाराला कुलूप होतं हे त्यांना ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नाही. १९१३ मध्ये ब्लँक पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल सापडला. दंड, २० डॉलर.

पण रस्त्यावरून ती आग पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या, पुढे अमेरिकेच्या कामगारमंत्री झालेल्या. चौकशी आयोग बसला आणि न्यूयॉर्कमध्ये कायदे बदलले: कामाच्या वेळी दारं उघडी हवीत, कारखान्यात फायर ड्रिल व्हायला हवी. ऑफिसात सायरन वाजला की आपण कॉफीचा कप घेऊन वैतागत खाली उतरतो, त्या ड्रिलच्या मागे हा इतिहासही आहे.

आपल्याकडे १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ जण गेले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर जायची वाट बंद केली होती. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नाही, धुराने घेतला. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत वाकून निघायचं. पण निघायला दार उघडं पाहिजे ना?

आमच्या सोसायटीत गच्चीच्या दाराला कायम कुलूप असतं, आणि जिन्यात चपलांचे रॅक आणि दोन सायकली. मागच्या सभेत मी किल्लीचा विषय काढला. उत्तर आलं, “उघडं ठेवलं तर टाकीचे नळ चोरीला जातात.”